लंडन की बर्लिन? मुरूडच्या कर्व्यांनी सोडवलेला एक प्रश्न

शेंगेन व्हिसाचा अर्ज भरायला बसलेल्या जोडप्याची खरी चकमक एका रकान्यावरून झडते: मुख्य मुक्काम कुठल्या देशात? पॅरिसला पाच दिवस आणि इटलीला चार, की उलट? नियम कोरडा आहे. जिथे जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर ज्या देशात आधी पाऊल पडणार त्याच्याकडे. म्हणजे दोघांपैकी कुणाची आवड वरचढ ठरली, याची सरकारदरबारी नोंदच होते म्हणा ना!

रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरांना हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. तेव्हा त्याला सुट्टी म्हणत नसत, एवढंच. आणि ‘विलायत’ म्हटलं की इंग्लंड, हे इतकं ठरलेलं होतं की युरोपात आणखीही देश आहेत हे घरच्यांना समजावून सांगावं लागे.

दापोली तालुक्यातलं मुरूड घ्या. या गावचे धोंडो केशव कर्वे १८७५ च्या सुमारास परीक्षेसाठी कुंभार्ली घाटातून साताऱ्याला चालत गेले आणि वय कमी दिसतं म्हणून तिथून परत पाठवले गेले. प्रवासाशी या घराण्याची ओळख अशी, पायाला फोड आणणारी. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. पुढे याच माणसाने १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं.

त्यांच्या नात्यातले, शेजारच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. इंग्लंडवर शिक्कामोर्तब झालं ते इथे. पण परांजपे तिथेच थांबले नाहीत, नंतर पॅरिस आणि गटिंगेनलाही शिकून आले. गणितातलं बरंच नवं काम तेव्हा तिकडे चाललं होतं. कर्व्यांचा थोरला मुलगा रघुनाथ १९१९ मध्ये गणितासाठीच पॅरिसला गेला. परत आल्यावर त्याने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. चुकीच्या शहरात शिकायला पाठवलं, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं असणार.

हे सगळे पुरुष. मला ज्या जोडप्याबद्दल लिहायचं आहे ते या घरातलं पुढचं: दिनकर आणि इरावती.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या नदीवरून. याच नदीतून १८८५ साली इंग्रजांनी थिबा राजाला आणि सुपयालत राणीला बोटीत घालून नेलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. ‘कुठे जायचं’ हे ज्यांना कुणी विचारलंच नाही असं जोडपं आठवायचं असेल, तर थिबा पॅलेस बघून या.

इरावती पुण्यात परांजप्यांच्या घरी वाढल्या आणि कर्व्यांच्या घरात सून म्हणून आल्या. मुंबई विद्यापीठात त्यांचे मार्गदर्शक गोविंद सदाशिव घुर्ये. तेही मूळचे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालवणचे, डॉक्टरेट केंब्रिजची. नवरा दिनकर रसायनशास्त्रज्ञ, त्याची डॉक्टरेट लाइपझिगची. म्हणजे पीएचडीसाठी निघायचं तर या बाईसमोर दोन रस्ते होते. गुरूचा रस्ता इंग्लंडला जात होता, नवऱ्याचा जर्मनीला.

इंग्लंडच्या बाजूने भाषा होती, ओळखी होत्या, परतल्यावर नोकरीच्या बाजारात वजन होतं. जर्मनीच्या बाजूने प्रयोगशाळा होत्या. शिवाय संशोधन करून प्रबंध लिहायचा आणि डॉक्टर व्हायचं, ही पद्धत जर्मन विद्यापीठांत चांगली मुरलेली होती. ऑक्सफर्डने पीएचडी सुरू केली तीच १९१७ साली. घरातला एक माणूस ती जर्मन वाट स्वतः चालून आलेला होता. असं माणूस घरात असणं हे कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा मोठं.

बर्लिन ठरलं. पण खरा पेच देशाचा नव्हताच. लग्न झालेली बाई नवऱ्याला इथे ठेवून एकटी परदेशी जाणार, हा पेच होता. आणि विरोध केला तो अण्णासाहेब कर्व्यांनी, महिला विद्यापीठ काढणाऱ्या सासऱ्यांनी! यावर आज हसू येतं खरं, पण त्यांना ढोंगी म्हणणं मला पटत नाही. ज्याने एका लग्नापायी गावाचा बहिष्कार सोसला, त्याला सुनेवर कोण काय बोलेल हे आपल्यापेक्षा नीट माहीत होतं.

दिनकर बधले नाहीत. त्यांनी जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं. हे मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. म्हणजे आजच्या भाषेत, ट्रिप एकीची, ईएमआय दुसऱ्याचा, आणि तो बरोबर जाणारही नाही. रोमान्स या शब्दाचा याहून मोठा अर्थ मला तरी ठाऊक नाही.

बर्लिनच्या दाहलेम भागात १९२७ साली उघडलेल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत इरावतीबाईंनी काम केलं. संचालक होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशविचारांचा पुढे नाझींनी वापर केला. विषय दिला होता मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. गोऱ्यांच्या कवट्या यात वेगळ्या निघतील, अशी फिशरांची अपेक्षा होती. हिंदुस्थानातून आलेल्या या विद्यार्थिनीने कवट्या मोजल्या आणि वंशाचा या फरकाशी संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. गुरूच्या संस्थेत, गुरूच्या भाषेत, गुरूच्या विरोधात. परतल्यावर त्या पुण्यात स्कूटर चालवत आणि नवऱ्याला ‘दिनू’ म्हणून हाक मारत. दोन्ही गोष्टींची सारखीच चर्चा होई.

जोडप्याने मिळून युरोप पाहायचा, ही चाल मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचली ती बऱ्याच नंतर, आणि तिचंही एक टोक रत्नागिरीत आहे. सुनीता ठाकूर रत्नागिरीच्या. १२ जून १९४६ रोजी तिथेच त्यांचं पु. ल. देशपांडे यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न झालं. १९५८ मध्ये आकाशवाणीने पुलंना बीबीसीत टेलिव्हिजनच्या प्रशिक्षणासाठी पाठवलं, सुनीताबाई बरोबर गेल्या. म्हणजे लंडन नोकरीने निवडलं होतं, पॅरिस मागून जोडलं गेलं. आदल्याच वर्षी देशाची परकीय गंगाजळी आटली होती आणि हौसेच्या प्रवासासाठी पौंड मिळणं जवळजवळ बंद झालं होतं. १९६० साली ‘अपूर्वाई’ आली. ती नवऱ्याने सांगितलेली सहल आहे, बायको तिच्यातलं एक पात्र. सुनीताबाईंचं स्वतःचं पुस्तक, ‘आहे मनोहर तरी’, यायला १९९० उजाडावं लागलं.

त्या काळच्या भारतीय पासपोर्टात धारकाच्या वर्णनाशेजारी पत्नीच्या वर्णनाचा रकाना असे आणि तिच्या फोटोचीही सोय असे. नवऱ्याच्या पासपोर्टवर अशी नोंद झालेल्या बाईला त्यावर एकटीने कुठे जाता येत नसे. आता रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे ते दोघांनी वेगवेगळे, पासपोर्ट दोन, अर्ज दोन, आणि मुख्य मुक्कामाचा तो रकाना दोन्ही अर्जांत आहे.