दुधाच्या दातांची साक्ष

इतिहासाच्या तासाला एखादा तह शिकवताना आम्ही शिक्षक बहुधा राजे, सेनापती आणि त्यांच्या सह्या यांच्यापलीकडे जात नाही. पण अण्वस्त्रांच्या चाचण्यांना पहिला लगाम घालणाऱ्या कराराची हकिकत सांगायची, तर लहान मुलांच्या पडलेल्या दातांकडेही वळावे लागते.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट अंदाजाच्या अडीचपट, सुमारे १५ मेगाटनांचा झाला. निषिद्ध क्षेत्राबाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवरील २३ खलाशांच्या अंगावर पांढरी राख पडली. त्यांपैकी एक जण सप्टेंबरात दगावला. २ एप्रिललाच पंडित नेहरूंनी लोकसभेत आवाहन केले होते, की निःशस्त्रीकरणाचा करार होईल तेव्हा होवो, तोवर निदान चाचण्या तरी थांबवा. बड्या राष्ट्रांनी ते मनावर घेतले नाही.

या स्फोटांतून उडणारे स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य वाऱ्याबरोबर दूरवर जाई, पावसाबरोबर गवतावर उतरे आणि गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात जाई. गुणधर्माने ते कॅल्शियमचे भावंड. म्हणून शरीर त्याला हाडांत आणि दातांत जागा देते.

अमेरिकेतील सेंट लुईस शहरातील काही शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि गृहिणींनी १९५८ मध्ये ठरविले, की हे मोजूनच पाहू. जिवंत मुलांची हाडे तपासता येत नाहीत. दुधाचे दात मात्र आपोआप पडतात! आपल्याकडे पडलेला दात कौलावर टाकतात. तिथल्या आया तो पाकिटात घालून पाठवू लागल्या. डॉ. लुईझ रीस या बाईंनी आरंभीची वर्षे हे काम सांभाळले. दात देणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. १९७० पर्यंत सुमारे ३ लाख २० हजार दात जमले. १९६१ मध्ये पहिले निष्कर्ष छापून आले. चाचण्यांबरोबर मुलांच्या दातांतील स्ट्रॉन्शियमही वाढत होते.

५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी मॉस्कोत करार केला. हवेत, अंतराळात व पाण्याखाली चाचण्या करण्यास बंदी आली. भारताने तीनच दिवसांनी सही केली. केवळ दातांमुळे हा करार झाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९६२ च्या क्यूबा प्रकरणाने दोन्ही महासत्ता हादरल्या होत्या. पण लोकमताच्या हाती पुरावा दिला तो या दातांनी. आणि करारानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांतील प्रमाण उतरले, ही साक्षही त्यांनीच दिली.

शस्त्रस्पर्धा मात्र थांबली नाही. चाचण्या जमिनीखाली गेल्या. १९९६ चा सर्वंकष चाचणीबंदी करार आजही अमलात आलेला नाही. भारताची त्यावर सही नाही.

वर्गात हे सांगितले, की एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, मग पोखरण?" मी प्रश्न टाळत नाही. १९५४ चे आवाहन आपले आणि १९७४ व १९९८ चे भूमिगत स्फोटही आपलेच. शेजाऱ्यांची भीती खरी होती आणि त्या खलाशाचे मरणही खरे होते. दोन्ही गोष्टी वहीत लिहून घ्या, एवढेच मी त्याला सांगतो. बेरीज-वजाबाकी पुढे त्याच्याच पिढीला करायची आहे.