गांधार शिल्पातील ग्रीक देवता : देवत्वाकडून सेवकत्वाकडे

पालि वाङ्मयात ग्रीक लोकांचा उल्लेख 'योन' या नावाने येतो. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात हा उल्लेख चातुर्वर्ण्याच्या खंडनासाठी आला आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावी. अस्सलायन हा ब्राह्मण तरुण आपल्या वर्णाचे श्रेष्ठत्व प्रतिपादन करण्यासाठी तथागतांकडे आला असता तथागत त्याला विचारतात, की योन आणि कंबोज या सीमावर्ती प्रदेशांत मालक व दास असे दोनच वर्ण असतात आणि तेथे मालकाचा दास व दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस काय? योनांचा समाज समतेचा होता, असा याचा अर्थ नव्हे. तेथेही दास्य होतेच. परंतु वर्ण हा ईश्वरनिर्मित आणि अपरिवर्तनीय आहे, हा दावा त्या एका उदाहरणाने कोलमडतो.

हे योन आपल्याबरोबर आपले देवही घेऊन आले. त्या देवांचे बौद्ध कलेत पुढे काय झाले, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

इ.स.पू. ३२७ ते ३२५ या काळात अलेक्झांडरने वायव्य भारतावर स्वारी केली. त्यानंतर बॅक्ट्रियात ग्रीक राजघराणी स्थिर झाली आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकात त्यांची सत्ता हिंदुकुशाच्या दक्षिणेस पसरली. त्यांच्या नाण्यांवर झ्यूस, अथेना, हेराक्लीस या देवतांच्या प्रतिमा आढळतात. ज्याला आपण मिलिंद म्हणून ओळखतो, त्या मिनँडरच्या पुष्कळ नाण्यांवर वज्र फेकणारी अथेना आहे. एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत त्याचे नाव आणि 'त्राता' ही पदवी कोरलेली आहे. त्याच्याच एका प्रकारच्या तांब्याच्या नाण्यावर आठ आऱ्यांचे चक्र दिसते. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात हाच राजा भदंत नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारतो आणि युक्तिवादाने समाधान झाल्यावरच मान तुकवतो. ग्रीकांचा धम्माशी आलेला संबंध असा चर्चेतून आला, याचे मोल मोठे आहे.

गांधार म्हणजे आजच्या पाकिस्तानातील पेशावरचे खोरे व त्याच्या भोवतीचा प्रदेश. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून पुढे काही शतके तेथे आणि शेजारच्या पूर्व अफगाणिस्तानात जी शिल्पे घडली, त्यांत ग्रीक देवता वारंवार भेटतात. त्यांतील सर्वांत बोलके उदाहरण हेराक्लीसचे आहे.

ग्रीक पुराणकथांत हेराक्लीस हा झ्यूसचा मानवी स्त्रीपासून झालेला पुत्र. त्याने बारा अचाट कामे केली, नेमिया येथील सिंहाला मारून त्याचे कातडे पांघरले आणि अखेरीस तो देवांच्या पंक्तीत जाऊन बसला. मॅसिडोनियाचे राजे स्वतःला त्याचे वंशज म्हणवीत. अलेक्झांडरच्या नावाने पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवर सिंहाचे कातडे मस्तकी ल्यालेला हेराक्लीस आहे. थोडक्यात, हा राजसत्तेचा देव होता. गांधारच्या शिल्पकाराने याच हेराक्लीसला तथागतांच्या मागे उभे केले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील एका शिल्पखंडात त्याने मस्तकावर सिंहाचे कातडे घेतले आहे, सिंहाचे पंजे छातीवर बांधले आहेत आणि हातात गदेऐवजी वज्र आहे. हा वज्रपाणी होय. अफगाणिस्तानात हड्डा येथील तपा शोतोर विहाराचे उत्खनन १९७० च्या दशकात झाले. तेथील एका कोनाड्यात मातीच्या शिल्पसमूहात हाच हेराक्लीस-वज्रपाणी तथागतांच्या शेजारी बसलेला होता. पुढे त्या देशातील युद्धकाळात ती शिल्पे नष्ट झाली. आज आपल्याजवळ केवळ छायाचित्रे उरली आहेत.

हा वज्रपाणी मूळचा कोण, हे पाहिले म्हणजे या शिल्पांचा अर्थ अधिक खोल होतो. दीघ निकायातील अम्बट्ठ सुत्तात 'वजिरपाणी' नावाचा यक्ष येतो. अम्बट्ठ हा जात्याभिमानी तरुण शाक्यांना हीन लेखतो. तेव्हा तथागत त्याला त्याच्या कुळाचा उगम विचारतात. तो कुळपुरुष ओक्काक राजाच्या दिसा नावाच्या दासीचा पुत्र होता. अम्बट्ठ दोनदा निरुत्तर राहतो आणि त्या वेळी वजिरपाणी धगधगते वज्र घेऊन त्याच्या डोक्यावर उभा राहतो. अम्बट्ठ सत्य कबूल करतो. त्याचे सोबतीच त्याला दासीपुत्र म्हणून हिणवू लागतात, तेव्हा मात्र तथागत त्यांना थांबवतात आणि तो कुळपुरुष थोर ऋषी झाला होता, असे सांगतात. यक्षाच्या धाकाचा भाग बुद्धिवादी वाचकाला पटणार नाही. जे तर्कसंगत नाही ते बुद्धवचन मानू नये, ही बाबासाहेबांनी दिलेली कसोटी येथे लावावीच लागेल. परंतु ज्या कथेत वजिरपाणी उभा आहे ती कथा जातिगर्वाच्या खंडनाची आहे. राजकुळांचा आदिपुरुष म्हणून मिरवणारा हेराक्लीस कुळाचा अभिमान मोडणाऱ्या यक्षाच्या भूमिकेत उभा राहावा, हा बदल सामान्य नव्हे.

अ‍ॅटलासचीही गोष्ट अशीच आहे. झ्यूसशी वैर केल्याबद्दल त्याला आकाश तोलून धरण्याची शिक्षा झाली, असे ग्रीक कथा सांगते. गांधारात, विशेषतः जमालगढी येथील शिल्पांत, गुडघा मोडून बसलेल्या, पिळदार अंगाच्या अशा आकृती स्तूपाच्या तळाशी बसविल्या गेल्या. भार वाहणारे यक्ष सांचीच्या पश्चिम तोरणावर आधीपासून होतेच. म्हणजे कल्पना येथली होती, देह ग्रीक घडणीचा झाला. नशीब व नगराची देवता टायकी हिच्या हातातील समृद्धीचे शिंग गांधारात हारितीच्या हाती आले. हारिती ही इतरांची बालके पळवणारी यक्षिणी. तथागतांनी तिचे धाकटे मूल लपवून इतर मातांच्या दुःखाची जाणीव तिला करून दिली आणि ती बदलली. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २ मध्ये हारिती व पांचिक यांचे दालन आजही पाहता येते.

आपल्या महाराष्ट्रातील लेण्यांत यवन दाते आहेत. कार्ले येथील स्तंभांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावे आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, तर चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. त्यांच्या लेखांत ग्रीक देवाचे नाव नाही. संघासाठी पाणी आणि अन्नाची सोय एवढेच त्यांनी कोरून ठेवले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खननात समुद्रदेव पोसायडनची लहान कांस्यमूर्ती मिळाली. ती रोमन जगाशी असलेल्या व्यापाराची खूण मानली जाते.

फ्रेंच पंडित फूशे यांनी बुद्धमूर्तीच ग्रीकांची देणगी असल्याचे मत मांडले होते. आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ साली मथुरेच्या परंपरेचा दाखला देऊन त्याचा प्रतिवाद केला. आमच्या मते, मूर्ती प्रथम कोणी घडविली यापेक्षा त्या मूर्तीला कोणते स्थान दिले गेले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या दृष्टीने कनिष्काची नाणी विचार करायला लावतात. त्याच्या आरंभीच्या नाण्यांवर हेलिओस, सेलेनी अशी ग्रीक देवनामे आहेत. पुढे त्यांच्या जागी इराणी नावे आली, आकृती मात्र बहुतांशी तशाच राहिल्या. याच देवमालिकेत एका नाण्यावर उभे तथागत आहेत आणि शेजारी ग्रीक अक्षरांत 'बोद्दो' असे कोरले आहे. राजाला अनेक प्रजांना संतुष्ट ठेवायचे होते. त्याच्या नाण्यांवर तथागत हे अनेक देवांतील एक झाले. विहारातील शिल्पकाराने देवांना मानवी गुरूच्या सेवेस लावले, तर टांकसाळीने त्या गुरूलाच देवांच्या रांगेत बसवले.

हा धोका कुषाण काळाबरोबर संपला नाही. तथागतांना विष्णूचा अवतार ठरविणे हे त्याच रांगेत बसविणे होय. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत या अवतारकल्पनेचा स्पष्ट निषेध आहे. बुद्ध हे मोक्षदाते नसून मार्गदाते आहेत, असे त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात निःसंदिग्धपणे सांगितले. आपल्या विहारातील मूर्तीपुढे नवस बोलला जाऊ लागला, तर आपणही 'बोद्दो'चेच नाणे पाडू लागलो असे समजावे. उपासकांनी गांधारची शिल्पे पाहताना हेराक्लीस कोठे उभा आहे हे नीट पाहावे. त्याच्या पुढे बसलेला पुरुष माणूस आहे आणि तो धम्म सांगत आहे.