हमीची किंमत

दुष्काळात धान्याचे पोते देणारा दाता आपल्याकडे दुर्मीळ नाही. परंतु दुष्काळ सरल्यावरही, कधी न पाहिलेल्या गावातील माणसासाठी दरवर्षी आपल्या मिळकतीतून काही रक्कम देण्यास समाज कितपत राजी असतो? महाराष्ट्राने या प्रश्नाचे दिलेले उत्तर आपल्या सामाजिक इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये ती राज्यासाठी स्वीकारली गेली, तोच महादुष्काळ कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर राबत होती. खेडुताला भीक नको, काम हवे, ही गोष्ट त्या वर्षी सर्वांना दिसली.

पुढे पाऊस पडला. बेकारी मात्र हटली नाही. मग पैशाचा प्रश्न उभा राहिला. १९७५ साली व्यवसाय कर आला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी सारेच त्याच्या कक्षेत आले. जोडीला मोटारी, विक्रीकर, बागायती जमिनी आणि शहरांतील अनिवासी इमारती यांवर जादा आकारणी झाली. या करांतून जितके जमेल तितकीच भर सरकारने घालावी, असे ठरले. १९७७ चा हमी कायदा विधिमंडळाने एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता!

व्यवसाय कराचा मोठा भार मुंबईने उचलला. त्यात औदार्य होते, तसा हिशेबही होता. गावात काम मिळाले तर माणसांचे लोंढे शहरात येणार नाहीत, हे शहरवासी जाणून होता. पैसा फुकट वाटला जात नव्हता. त्यातून पाझर तलाव, बांध, रस्ते उभे राहत होते. त्यांचा लाभ बड्या शेतकऱ्यांनाही होई, म्हणून त्यांचाही विरोध मावळला. शिवाय घटनेनुसार हा कर वर्षाला अडीचशे रुपयांहून अधिक घेता येत नसे. थोडके देणे आणि स्वच्छ कारण, यांमुळे कर पचला.

१९८८ साली किमान वेतन वाढले आणि हमीच्या मजुरांनाही ते देणे भाग पडले. तेव्हा कामे आखडली, मजुरांची संख्या घसरली. कराची मर्यादा मात्र त्याच वर्षी घटनादुरुस्तीने अडीच हजारांवर गेली. जमा येत राहिली. अनेक वर्षी खर्च तिच्या मागे पडला आणि निधी पडून राहिला. मजुरांच्या वाट्याचा तो पैसा कोठे अडला, हे विचारायला करदाता पुढे झाला नाही.

२००५ मध्ये केंद्राने देशासाठी असाच कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. इकडे पगारपत्रकावर व्यवसाय कराचे दोनशे रुपये आजही कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. ही कपात मुळात कशासाठी सुरू झाली, हे किती जणांना ठाऊक आहे? लोक द्यायला तयार होते, हे या इतिहासाने दाखवून दिले. दिलेल्याचा जाब विचारण्याची सवय मात्र आपल्याला लागली नाही, आणि त्याची किंमत खडी फोडणाऱ्या बाईने मोजली.