रानाचा कुत्रा, धानाची मांजर

चंद्रपूर शहराची जन्मकथा आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याची राजधानी तेव्हा बल्लारपूरला होती. राजाच्या अंगावर फोड होते, काही केल्या बरे होत नव्हते. एकदा शिकारीच्या नादात तहान लागली म्हणून तो झरपटच्या कोरड्या पात्रात उतरला. तिथल्या खड्ड्यातलं पाणी प्याला, हाततोंड धुतलं आणि त्याचे फोड गेले. त्याच जागी अचलेश्वराचं देऊळ झालं. पुढं त्याच भागात फिरताना राजाला नवल दिसलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या शिकारी कुत्र्याच्या मागं लागला होता. कुत्रा पुढं अन् ससा मागं! राजानं ही गोष्ट राणीला सांगितली. राणी हुशार होती. ज्या मातीत ससा कुत्र्याला पळवतो, तिथं शहर वसवा म्हणाली. दोघं धावले त्या वाटेनं परकोट आखला, असं सांगतात. ही पंधराव्या शतकाच्या अखेरची गोष्ट.

अशीच कथा विजयनगरची सांगतात, अहमदाबादचीही सांगतात. म्हणजे ती जशीच्या तशी घडली असं धरून चालायचं कारण नाही. पण राजा रानात निघाला की कुत्रा संगं असायचा, एवढं तिच्यात खरं असावं. मांजर मात्र त्या कथेत कुठंच नाही. शहराच्या दरवाजांवर सिंह आणि हत्ती दगडात कोरले आहेत. ज्याच्या पळण्यातून शहर उभं राहिलं म्हणतात, त्या कुत्र्याला तिथं जागा मिळाली नाही.

बाकी महाराष्ट्रात कुत्र्याचा मान मोठा. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रा. सातारच्या शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी आहे. रायगडावर वाघ्याचं स्मारक आहे, आणि तो वाघ्या खरा होता की नाही यावर अजून भांडण चालू आहे. मांजराची समाधी कुठं आहे, हे मी पुष्कळांना विचारलं. कोणी सांगू शकलं नाही. मांजराच्या वाट्याला आडवं जाणं आलं, डोळे मिटून दूध पिणं आलं. हां, एक मान मात्र तिला मोठा आहे. हातून मांजर मेलं तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, असं आमच्या आजीच्या पिढीतली माणसं मानत. कुत्रा मेला तर असं काही देणं नव्हतं.

मग माणसाला जास्त जवळचं कोण, कुत्रा की मांजर? हा प्रश्न शहरात आवडीचा असेल. आमच्या दोन जिल्ह्यांत तो कामाचा होता. ज्याचं पोट रानावर, त्याचा कुत्रा. ज्याचं पोट धानावर, त्याची मांजर.

जगाचा इतिहासही हेच सांगतो. जर्मनीत बॉन शहराजवळ माणसांसोबत पुरलेला कुत्रा सापडला, तो सुमारे 14000 वर्षांपूर्वीचा. तेव्हा शेती नव्हती, माणूस शिकार करून, कंदमुळं खणून जगत होता. माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं सायप्रस बेटावर, ते सुमारे 9500 वर्षांपूर्वीचं. तोवर माणूस धान्य पेरून साठवायला लागला होता. धान्य आलं, उंदीर आले, उंदरांमागं मांजर आली. कुत्र्याला माणसानं सोबत नेलं. मांजर आपल्या पायानं आली, आणि तिच्या येण्यानं फायदा होतो म्हणून माणसानं तिला हाकललं नाही.

जगात या दोन गोष्टींत हजारो वर्षांचं अंतर पडलं. आमच्याकडं दोन्ही गोष्टी माझ्या लहानपणापर्यंत शेजारी नांदत होत्या. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा झाला, त्याआधी सगळा मिळून एकच जिल्हा होता. त्याच्या दक्षिणेला भामरागड, एटापल्लीकडं माडिया लोकांची गावं. तिथं पारधीला सगळं गाव निघायचं, कुत्रे पुढं. इकडं सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी ही झाडीपट्टी. तलाव, बोड्या, धानाच्या बांध्या. इथं घराघरात धानाची ढोली आणि ढोलीवर निजलेली मांजर.

आमचं गाव सिंदेवाही तालुक्यातलं, रानाला लागून. म्हणून आमच्याकडं दोन्ही जनावरं लागत. आश्विनात धान निसवायला लागलं की रानडुकरं बांध्यांत शिरतात. एका रात्रीत वर्षाचं पीक लोळवून टाकतात. तेव्हा जागलीला जावं लागायचं. मचाणावर माणूस, खाली शेकोटी आणि शेकोटीजवळ कुत्रा. माझे आजा म्हणायचे, "बापू, मानसाचे कान झोपतेत, कुत्र्याचे नाई झोपत." डुक्कर आलं तर कुत्रा अंगावर धावून भुंकतो. वाघ आला तर भुंकणं बंद होतं, बारीक आवाजात कण्हत तो माणसाच्या पायात शिरतो. हा फरक आम्हाला शाळेच्या आधी शिकवला जायचा. गुरं रानात नेणारा गायकी, मोहफुलं वेचणाऱ्या बाया, तेंदूपत्ता तोडणारे मजूर, सगळे कुत्रा संगं घ्यायचे. मोह वेचताना, पत्ता तोडताना माणूस वाकलेला असतो. वाकलेल्या माणसाला मागचं दिसत नाही.

या कामाबद्दल कुत्र्याला काय मिळायचं? भाताची पेज, उरलेली अंबील, आणि एक नाव. शेरू, मोती, काळू. मांजरीला आमच्याकडं नाव नसे. सगळ्या मन्याच. ती कामाला जाताना दिसत नाही, हे त्याचं कारण असावं. तिचं काम रात्री, आढ्यावर, ढोलीमागं.

पण ते काम लहान नव्हतं. ढोली म्हणजे बांबू विणून, शेणामातीनं लिपून केलेली धानाची मोठी साठवण. चुरणा झाला की वर्षाचा दाणा तिच्यात जायचा. पुढच्या रोवण्यापर्यंत घर त्याच्यावर जगायचं. बियाण्याचा धानही घरातच असे. उंदरानं तळाला भोक पाडलं की दाणा गळतो, ओल शिरते, धानाला वास लागतो. म्हणून घरात मांजर व्याली की शेजारच्या बाया पिलू सांगून ठेवायच्या. बोडीतली मासोळी आली की डोकं तिच्या वाट्याचं. शिवाय उंदरामागं साप येतो. उंदीर कमी तर घरात सापही कमी, हे कुडाच्या घरात राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

मांजरीची ही किंमत एका गोऱ्या डॉक्टरानं कागदावर मांडली, तीही आपल्या विदर्भातच. 1896 ला मुंबईत प्लेग आला आणि पुढं देशभर पसरला. लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन हे तेव्हा अमरावतीला सिव्हिल सर्जन होते. त्यांनी गावोगावच्या मांजरांची मोजदाद केली आणि 1908 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. ज्या गावात घरोघरी मांजरं तिथं प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं होतं. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे आज आपल्याला माहीत आहे. तरी उंदीर कमी करायचा हा मूळ विचार चुकीचा नव्हता. आमच्या आजीनं तो लेख वाचलेला नव्हता, तिला अक्षर येत नव्हतं. मरून पडलेला उंदीर दिसला की घर सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे मात्र तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं होतं.

कुत्र्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पिसाळलेला कुत्रा चावला की पोटात 14 इंजेक्शनं, हे नाव ऐकूनच माणसं अर्धी व्हायची. तालुक्याला जायला बैलगाडी, तिथं लस असेल तर असेल. पुष्कळांनी झाडपाल्यावर भरवसा ठेवला आणि जीव गमावला. आता लस हातावर घेतात आणि सुयाही कमी लागतात. तरी ज्या घरात असं मरण झालं, तिथं पुढच्या पिढीनंही कुत्रा पाळला नाही. अशी घरं मला माहीत आहेत. तिथं आवडीचा प्रश्नच उरत नाही.

मग काळ बदलला. 1972 ला वन्यजीवांचा कायदा आला, शिकार बंद झाली. ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान होतं, 1995 ला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाढले, बिबट वाढले, ते प्रकल्पाच्या हद्दीबाहेर आमच्या रानातही आले. पारधीचं काम गेलं म्हणून कुत्र्याचं अर्धं काम गेलं. आणि जो राखणदार होता, तोच बिबटाचं खाद्य झाला. नगर जिल्ह्यात अकोले भागात अभ्यासकांनी बिबटाची विष्ठा तपासली. त्याच्या खाण्यात वजनानं सुमारे 87 टक्के गावातली पाळीव आणि मोकाट जनावरं निघाली. एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. मांजरंही होतीच. तिकडं ऊस आहे, इकडं धान आणि जंगल, पण बिबट तोच. दुसरी भीती रोगाची. 2018 ला गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह मेले, त्यात कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा हात निघाला. म्हणून रानाकाठच्या मोकाट कुत्र्यांकडं आता वेगळ्या नजरेनं पाहतात.

मांजरीचंही काम गेलं. धान खळ्यावरून सरळ खरेदी केंद्रावर किंवा गिरणीवर जातं. बियाणं पिशवीतून येतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी एचएमटी धान शोधला तो घरचं बियाणं निवडून निवडून. तशी निवड करणारी घरं आता थोडी. सिमेंटच्या घरात ढोलीला जागा नाही. उंदराला औषध ठेवतात, आणि तो उंदीर खाऊन मांजर मरते.

दोघांचं काम गेलं, तरी दोघं आहेत. यावरून मला वाटतं, कामाखाली माया पहिल्यापासून होती, कामाच्या धबडग्यात ती कोणी बोलून दाखवली नाही. पोरं पुण्याला, नागपूरला, हैदराबादला गेली. घरात म्हातारा-म्हातारी उरली, कुठं एकटी बाईच उरली. अशा बायांना मी विचारलं, तर बहुतेकींनी मांजर सांगितली. एक म्हणाली, "कुत्र्याले राखा लागते जी. मनी आपली आपन राह्यते, अन् राती पायाशी येऊन निजते." शेतावर जाणारे गडी अजून कुत्राच सांगतात. "मांजर का बांधीवर येते का?" असं उलट विचारतात. म्हणजे जो बाहेर पडतो त्याला कुत्रा, जो घरात उरतो त्याला मांजर. पूर्वी हे कामानं ठरत होतं, आता एकटेपणानं ठरतं.

मला स्वतःला दोन्ही पाहिजेत आणि दोन्ही आहेत. पण रानाकाठच्या वाचकांना एक सांगतो. उन्हाळ्यात आपण अंगणात बाज टाकून निजतो आणि कुत्रा बाजेखाली बांधून ठेवतो. आपल्या आज्यांच्या काळी ते बरोबर होतं, आज नाही. बिबट कुत्र्यासाठी येतो आणि बाजेवर पोर असतं. बांधलेला कुत्रा ना पळू शकतो ना लढू शकतो. रात्री त्याला दाराआड घ्या, वर्षाला लस टोचून घ्या, आणि दारात खरकटं टाकून मोकाट कुत्री जमवू नका. मनीला आत येऊ द्या, ती आपली जागा शोधते. उंदराचं औषध मात्र तिच्या वाटेत ठेवू नका.