महाभारत आणि शोधयंत्र

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य आरंभिले. १९२५ पासून त्याची धुरा डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांजकडे आली. ते १९४३ साली निवर्तले, आणि कार्य तडीस जाण्यास १९६६ साल उजाडले. पुढे जपानातील प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनी ह्या आवृत्तीची संहिता संगणकात उतरविली व केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून शुद्ध केली. पूर्वी एका शब्दासाठी पर्वामागून पर्व चाळावे लागे. आज घरबसल्या तो क्षणार्धात सापडतो. हा लाभ अल्प नव्हे.

परंतु एक प्रसंग सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने मूळ संहितेत शोध करून, गणपती व्यासांचा लेखक झाल्याची कथा महाभारतात नाहीच, असा निष्कर्ष लिहून आणिला. आम्ही मुद्रित आदिपर्व त्याच्यापुढे ठेविले. कथा परिशिष्टात होती, आणि ती कोणत्या पोथ्यांत आढळते ह्याची नोंदही होती. सुखठणकरांनी ती फेकून दिली नव्हती. पुरावा पाहून मूळ संहितेतून तेवढी वेगळी काढिली होती.

यंत्राचे ‘नाही’ हे उत्तर त्याच्या स्वाधीन केलेल्या पाठापुरतेच खरे असते. म्हणून प्राचीन ग्रंथ सर्वांस खुले करणारांनी संहितेबरोबर पाठभेद, परिशिष्टे व पोथ्यांची ओळखही खुली करावी. सुखठणकरांनी निकालासह पुरावाही वाचकाच्या हाती दिला होता; तो काढून घेण्याचा अधिकार आम्हां कोणासही नाही.