सारोळ्याच्या छपरावरील अँटेना : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

पुणें-सातारा मार्गावर नीरेच्या उत्तर तीरीं सारोळें हें भोर तालुक्यांतील गांव आहे. नदी ओलांडली कीं सातारा जिल्हा लागतो. गांवाच्या उत्तरेस पुरंदर व वायव्येस सिंहगड. या किल्ल्यांच्या लष्करी इतिहासाची चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखांत सिंहगडाच्या एका अर्वाचीन कामगिरीचा, व तिच्या ज्या खुणा सामान्य घरांवर उरल्या त्यांचा, विचार करावयाचा आहे.

भारतांत दूरचित्रवाणीचें पहिलें प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झालें. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे दिसावेत म्हणून १९७३ सालीं सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभें राहिलें. जागेची निवड समजण्यासारखी आहे. या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. गड समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर, म्हणजे भोंवतालच्या मुलखाहून सुमारें ७०० मीटर उंच. आड कांहीं नसल्यास तेथून लहर शंभर किलोमीटरपर्यंत पोंचावी. ज्या उंचीमुळें पहारेकऱ्यास दूरचा मुलूख दिसे, तीच येथें कामीं आली.

सारोळें गडापासून सरळ रेषेंत फार तर तीस किलोमीटर. तेव्हां अंतर ही अडचण नव्हे. अडचण मधल्या डोंगरांची. एखादी सोंड आड आली कीं चित्रांत मुंग्या येत. कड्यावर आपटून परतलेली लहर मागाहून पोंचली कीं पडद्यावरील माणसाशेजारीं त्याचीच फिकट सावली दिसे. उपाय दोन : खांब उंच करणें, आणि अँटेनाची दिशा नेमकी साधणें. एकानें गच्चीवर अँटेना फिरवावयाचा व दुसऱ्यानें खालून चित्राची खबर द्यावयाची, ही रीत सर्वत्र होती. बूस्टर लावल्यास तो खांबावरच लावणें श्रेयस्कर. कारण वायरींत क्षीण झालेली लहर खालीं वाढविली तर तिच्याबरोबर गोंगाटहि वाढतो.

भाडेकरूची गोष्ट मात्र निराळी. खोली त्याच्या ताब्यांत, पण गच्ची मालकाची. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यान्वयें मालकाच्या लेखी संमतीवांचून कायम स्वरूपाचें बांधकाम करणें हें घर खालीं करवून घेण्याचें एक कारण होतें. १९९९ च्या महाराष्ट्र कायद्यानें ही तरतूद राखिली, पण कांहीं कामांस मालकाच्या परवानगीची गरज नाहीं असें सांगितलें : लांकडी पडदी, स्वयंपाकाचा ओटा, हवेची खिडकी, वातानुकूलन यंत्र, निर्धूर चूल वगैरे. या यादींत अँटेनाचें नांव नाहीं. खांबास कायम बांधकाम म्हणणें कठीण. तथापि त्याच्यासाठीं गच्चीला पाडलेलें भोंक पावसाळ्यांत गळूं शके, आणि मालकाची हरकत तेथें रास्त होती. म्हणून भाडेकरूस सोयीचा मार्ग म्हणजे भोंक न पाडतां खांब कठड्यास तारेनें आवळणें, किंवा खिडकीबाहेर लहान अँटेना बांधणें. सारोळ्यांत त्या खिडकीचें तोंड वायव्येस असेल तर भाग्य. एरवीं घरांतील दोन दांड्यांवर समाधान मानावें लागे. चांगलें चित्र हें अशा रीतीनें खोलीच्या दिशेवर आणि मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिलें.

डिसेंबर २००४ मध्यें दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा आली. तिची थाळी आपल्याकडे आग्नेयेस करावी लागते. तिला डोंगरापलीकडील गड नको, मोकळें आकाश पुरे. परंतु तीहि कोठेंतरी बसवावीच लागते, सबब गच्चीचा प्रश्न मिटला नाहीं. पुढें देशांतील बहुतेक जुनीं ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रें २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्यानें बंद झालीं.

यावरून एक अनुमान निघतें. सारोळ्याच्या एखाद्या छपरावर वायव्येकडे तोंड केलेला अँटेना आढळला तर तो सिंहगडाच्या काळचा, आणि आग्नेयेकडे वळलेली थाळी असेल तर ती उपग्रहाच्या काळची, असें प्रथमदर्शनीं मानण्यास हरकत नाहीं. प्रक्षेपण केंद्रांचे कागद सरकारदप्तरीं राहतील. पण पाहणाराच्या बाजूचा पुरावा छपरावर आहे व तो भंगारांत चालला आहे. वाडे व शिलालेख पाहावयास गांवोगांव जाणाऱ्या अभ्यासकांनीं खांबाची उंची, दिशा व बांधणी यांची नोंद घ्यावी, आणि जुने भाडेकरार पाहतांना गच्चीविषयींचें कलम उतरून घ्यावें, इतकीच आमची सूचना आहे.