शेतसाऱ्यावरचा आणा आणि गांवची शाळा

शिक्षणाचा पैसा कोठें खर्च करावा, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. आमच्या मतें तो मूळचा अधिकाराचा आहे. पैसा देणारा एक आणि त्याचा विनियोग ठरविणारा दुसरा, असें झालें म्हणजे शाळेची काय गत होते, हें मुंबई इलाख्यांतील 'लोकल फंडा'च्या इतिहासावरून चांगलें कळतें.

१८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें सामान्य जनांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारनें मान्य केली. पण द्रव्य कोठून आणावें? १८६३ च्या सुमारास मुंबई सरकारनें शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा पट्टी बसविली व १८६९ च्या कायद्यानें ती पक्की केली. तिचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांस व एक हिस्सा शाळांस, अशी वांटणी ठरली. म्हणजे रुपयाभर सारा भरणाऱ्या कुणब्याचे चार पै शाळेकडे जात. रक्कम अल्प खरी. तथापि तिच्याच बळावर खेडोपाडीं शाळा उघडल्या, हें नाकारतां येणार नाहीं.

परंतु या चार पैंचा कारभार कुणब्याच्या हातीं नव्हता. जिल्ह्याच्या कमिटीचा अध्यक्ष कलेक्टर असे, आणि शाळांची व्यवस्था शिक्षणखात्याचे अधिकारी पाहत. शिवाय ज्यांच्यावर ही पट्टी नव्हती, अशा शहरवासीयांच्या मुलांच्या शाळाही कित्येक ठिकाणीं याच फंडांतून चालत.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं नेमकें याच मर्मावर बोट ठेविलें. रयतेच्या करांचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असा त्यांचा आक्षेप होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें असावें, त्यांत शेतकीचें ज्ञान यावें, शिक्षक शक्य तितके शेतकरीवर्गांतील असावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. स्थानिक फंडांतील शिक्षणाच्या पैशावर प्राथमिक शाळांचाच हक्क असावा, अशी शिफारस कमिशननें केली; सक्तीची गोष्ट मात्र तशीच राहिली.

प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या स्कूलबोर्डांकडे सोंपविणारा कायदा १९२३ त झाला. आणा घेण्यापासून कारभारांत वांटा देण्यापर्यंत सुमारें साठ वर्षें लोटलीं, आणि तेव्हांही मताचा हक्क सर्वांस नव्हता. शाळेचें अंदाजपत्रक पाहतांना केवळ बेरीज जुळते कीं नाहीं एवढेंच वाचकांनीं पाहूं नये; ज्यांचीं मुलें त्या शाळेंत बसतात, त्यांस कोणीं विचारलें होतें काय, हेंही पाहावें.